कितीला पडलं?

रामनाथ पेडणेकरांना आयुष्यात कधी कोणी फसवलं नव्हतं. निदान त्यांचं तसं म्हणणं होतं, आणि मुलुंड पूर्वेच्या रत्नसिंधु सोसायटीत ते म्हणणं आजवर कोणी खोडून काढलं नव्हतं. विक्रोळीच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं ते खरेदी खात्यात होते. तीन कोटेशनं आल्याखेरीज त्यांनी तिथे टाचण्यांची डबीसुद्धा घेऊ दिली नाही. तीन लेटरहेडांवर एकाच माणसाने भरून आणलेली बोगस कोटेशनं ते लांबून ओळखायचे आणि आणणाऱ्याला सगळ्यांदेखत उभं करून विचारायचे, "हा भाव बाजारातला की तुझ्या घरचा?" निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांना शाल दिली, आणि पुरवठादारांनी म्हणे पेढे वाटले.

निवृत्तीनंतर ही विद्या सोसायटीच्या कामी आली. पुनर्विकासात जुन्या चार मजल्यांच्या जागी चौदा मजली टॉवर उभा राहिला, भाड्याच्या घरांतून माणसं परत आली, आणि नव्या घरात जुनं सामान कोणाच्याच डोळ्यांना बरं दिसेना. जो तो पंखे, गिझर, फ्रिज घ्यायला निघाला, आणि निघताना पाचव्या मजल्यावरची रामनाथांची बेल वाजवू लागला. "काका, जरा येता का? तुम्ही नुसते उभे राहा, बाकी आम्ही बघतो." रामनाथ नुसते कधीच उभे राहिले नाहीत. लोकांचे हजार-पाचशे वाचले, रामनाथांचा दिवस सत्कारणी लागला, आणि कमळताईंना दुपारी दोन तास घर मोकळं मिळालं.

मग त्यांनी स्वतःसाठी वॉशिंग मशीन घेतलं. स्टेशनजवळच्या निमेशच्या दुकानातून. या भागातल्या दुकानांची एक रीत आहे. भाव तोंडाने सांगत नाहीत आणि कागदावर तर मुळीच लिहीत नाहीत. दुकानदार कॅल्क्युलेटरवर आकडा टाकतो, तो तुमच्याकडे वळवतो, तुम्ही नाक मुरडलंत की पुसून दुसरा टाकतो. भांडणाचा मागमूस राहत नाही. छापील किंमत एकतीस हजार. निमेशने पहिला आकडा टाकला सव्वीस हजार नऊशे. दीड तास, दोन कटिंग चहा आणि दुकानाच्या पायरीपर्यंत तीनदा उठून जाण्याचं नाटक झाल्यावर कॅल्क्युलेटरवर चोवीस हजार पाचशे उमटले. वर मशीनखालचा स्टँड फुकट. रामनाथांनी खिशातून कार्ड काढलं. हे कार्ड अंधेरीला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने, अपूर्वाने, आपल्या खात्यावर त्यांच्या नावाने काढून दिलं होतं, आणि ते वापरलं नाही तर ती फोनवर रुसायची.

आता आपल्याकडे कोणी काही नवीन घेतलं की पहिला प्रश्न असतो, "कितीला पडलं?" या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायची पद्धत नाही. डॉक्टरांना वय आणि शेजाऱ्यांना भाव थोडा कमीच सांगतात. सांगणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, आणि दोघंही "वा, स्वस्त मिळालं हो!" म्हणून मोकळे होतात. त्या रीतीला धरून रामनाथांनी घरी येऊन कमळताईंना सांगितलं, "तेवीस." बायकोला दीड हजार कमी सांगणं यात त्यांना काही गैर वाटलं नाही. बिल मात्र त्यांनी कपाटात न ठेवता दुसरीकडे ठेवलं.

पन्नासेक दिवस मशीन गुणाने चाललं. एका सकाळी लिफ्टमध्ये आठव्या मजल्यावरचा सुबोध भेटला. हा सुबोध म्हणजे दुसऱ्याच्या घरची वाईट बातमी स्वतःच्या खर्चाने पोहोचवणारा माणूस.

"काका, ऐकलंत का? अकराव्या मजल्यावरच्या गंधालीने मशीन घेतलं. तुमचंच मॉडेल. निमेशकडूनच."

"बरं."

"एकवीसला."

लिफ्ट तळाला पोहोचली. दार उघडलं. रामनाथ बाहेर पडले नाहीत.

"तुम्हाला कितीला पडलं होतं हो?" सुबोधने अगदी प्रेमाने विचारलं.

"तेवढ्यालाच," रामनाथ म्हणाले, आणि दूध न आणता त्याच लिफ्टने परत वर आले.

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. प्रश्न साडेतीन हजारांचा नव्हता. साडेतीन हजार ते एका डॉक्टरच्या फेरीत घालवतात. प्रश्न असा होता की अकराव्या मजल्यावरची एक काल लग्न होऊन आलेली मुलगी, जिला कोथिंबिरीची जुडीसुद्धा फोनवरून मागवायची सवय, तिने निमेशकडून एकवीसला मशीन आणलं, आणि बत्तीस वर्षं खरेदी खात्यात काढलेल्या माणसाने साडेचोवीस मोजले. हे उद्या बाहेर फुटलं तर त्यांची बेल कोणी वाजवणार नव्हतं. मग दिवसभर करायचं काय? गॅलरीत बसून समोरच्या टॉवरच्या खिडक्या मोजायच्या?

संध्याकाळी अपूर्वाचा फोन आला. बापाच्या आवाजावरून तिने काहीतरी बिनसलंय हे ओळखलं आणि खोदून खोदून काढून घेतलं.

"अहो बाबा, एवढंच ना? तुम्ही कार्डाने घेतलंय ना? त्यावर प्राइस प्रोटेक्शन आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे घेतल्यापासून साठ दिवसांत तीच वस्तू याच शहरात कुठल्याही दुकानात कमी भावात मिळत असेल, तर फरक बँक परत देते. फक्त पुरावा लागतो."

रामनाथ खुर्चीत सरळ बसले. जगात अशी सोय आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. फसलेला माणूस कागदोपत्री न फसलेला करून मिळतो! शिवाय पुरावे, कागद, मुदत. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांना कोणीतरी त्यांच्या लायकीचं काम दिलं होतं. त्यांनी माळ्यावरून जुनी बॉक्स फाइल काढली, पुसली आणि वर झोकदार अक्षरात लिहिलं, 'धुलाई यंत्र – भावफरक'. साठांतले बावन्न दिवस उलटले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बँकेच्या मदत क्रमांकावर फोन लावला. सव्वा तास बासरी ऐकवून झाल्यावर एक मुलगी बोलली. तिने सांगितलं की मूळ बिल लागेल, झेरॉक्स चालणार नाही. कमी भावाचं दुसरं बिल लागेल. आणि हा भाव सगळ्या गिऱ्हाइकांना खुला आहे असं दुकानदाराचं सहीशिक्क्याचं पत्र लागेल.

"सगळ्यांना खुला म्हणजे?"

"म्हणजे सर, घासाघीस करून मिळालेला भाव चालत नाही."

"अहो मॅडम, मुलुंडमध्ये दुसऱ्या कुठल्या प्रकारचा भाव असतो?"

मॅडमनी त्यांचं म्हणणं नोंदवून घेतलं आणि आणखी काही मदत हवी आहे का असं विचारलं.

रामनाथ आधी दुसऱ्या दुकानांकडे वळले. म्हटलं, निमेशचं तोंड न बघता काम झालं तर उत्तम. भांडुपपासून घाटकोपरपर्यंत सात दुकानं त्यांनी पालथी घातली. सातही ठिकाणी कॅल्क्युलेटर पुढे आला, आकडा दिसला, आणि "हे जरा कागदावर लिहून द्या" म्हणताच पुसला गेला. एकाने त्यांना इन्कम टॅक्सवाले समजून थंडा मागवला. घाटकोपरचा एकजण तर म्हणाला, "अंकल, लेना है तो बोलो, लिखना है तो स्टेशनरी का दुकान बाजू में है." शिवाय एकवीसच्या आसपास कोणाचाच कॅल्क्युलेटर फिरकला नाही. सगळ्यात खालचा आकडा होता चोवीस हजार तीनशे. यावरून रामनाथांना काही सुचायला हवं होतं, पण रागावलेल्या माणसाला हिशेब दिसतो, अर्थ दिसत नाही.

मग ते अकराव्या मजल्यावर गेले. गंधालीने दार उघडलं, पाणी दिलं, बिल मागताच आनंदाने काढून दिलं.

"न्या ना काका. कशाला हवंय पण?"

"अभ्यासाला."

"तुमचं म्हणजे कमाल आहे हं," ती हसून म्हणाली. "निमेशभाईंकडे नुसतं तुमचं नाव घेतलं, झालं काम."

एरवी या वाक्यावर ते आठवडाभर जगले असते. आज त्यांनी फक्त बिलावरचा आकडा पाहिला. एकवीस हजार. निमेशचा शिक्का, निमेशची सही, मॉडेलचा नंबर अक्षर न अक्षर तोच.

रविवार हा एकोणसाठावा दिवस. रामनाथ दोन्ही बिलं फाइलमध्ये घालून निमेशच्या दुकानात शिरले. निमेश पस्तिशीचा, गल्ल्यावर वडिलांचा हार घातलेला फोटो, आणि हे दुकान त्या वडिलांपासून रामनाथांच्या ओळखीचं.

"या काका, बसा. काय घेणार?"

"बसायला नाही आलो." रामनाथांनी दोन्ही बिलं काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली. "हे माझं, हे तिचं. सांग आता. तुझ्या बापाच्या वेळेपासून येतोय मी इथे. निम्मी बिल्डिंग तुझ्याकडे आणून घातली. आणि मलाच साडेतीन हजारांना टोपी?"

निमेशने बिलांकडे पाहिलंसुद्धा नाही. "काका, खरं विचारता?"

"मग काय खोटं विचारायला आलोय?"

"हा एकवीसचा भाव माझा नाय. तुमचा आहे."

"काय?"

"गंधालीताई आल्या, बोलल्या, रामनाथकाकांना एकवीसला दिलंत, आम्हाला पण तेवढ्यालाच द्या. मी बोलणार होतो, ताई, काकांना साडेचोवीसला दिलंय. पण तुमच्याच बिल्डिंगचे अजून दोघे दुकानात उभे होते. आता मी तोंड उघडलं असतं तर तुम्ही खोटे पडला असता ना काका? पप्पांचा नियम होता, एका गिऱ्हाइकाचा भाव दुसऱ्याला सांगायचा नाय." त्याने नकळत फोटोकडे पाहिलं. "म्हटलं, जाऊ दे, एक पीस जाईल."

रामनाथ बसले. मघाशी बसायला आलो नाही म्हणाले होते, ते विसरून बसले.

"तिने घेण्याआधी मी कोणाला एकवीस सांगितलं नाही रे."

"मला नाय माहीत. पण एक नाय गेला, चार गेले. मला पडतं बावीस सहाशेला. आणि आज संध्याकाळी तुमच्या बिल्डिंगमधले अकरा जण एकदम येणार आहेत, व्हॉट्सॲपवर ग्रुप बनवलाय. 'रामनाथ रेट' नाव आहे ग्रुपचं." निमेश हसायचा प्रयत्न करत होता, पण जमत नव्हतं. "मी काय बोलू त्यांना? बघतो काहीतरी."

रामनाथांनी फाइल बंद करायला घेतली तेव्हा निमेशच म्हणाला, "बँकेचं काय ते पत्र पाहिजे ना तुम्हाला? ताई बोलल्या, तुम्ही बिल घेऊन गेलात, तेव्हाच मी समजलो. कार्डावर घेणारे असं पत्र मागायला येतात. देतो ना. तुमचे तरी पैसे सुटू दे." आणि त्याने खरोखरच लेटरहेड काढलं, हा भाव सर्व गिऱ्हाइकांना खुला आहे असं लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घातली.

रामनाथ घरी परतले तेव्हा त्यांच्या हातातली फाइल पूर्ण होती. मूळ बिल, कमी भावाचं बिल, सहीशिक्क्याचं पत्र. एकही कागद खोटा नव्हता. बँकेची काय टाप होती नाही म्हणायची! आणि तरी विक्रोळीच्या त्या ऑफिसात टेबलासमोर उभे केलेले सगळे बोगस कोटेशनवाले त्यांना एकेक करून आठवले.

कमळताई तांदूळ निवडत होत्या.

"अगं, मशीन कितीला पडलं म्हणून सांगितलंस तू लोकांना?"

"एकवीसला."

"मी तुला तेवीस सांगितलं होतं!"

"मग? तुम्ही खरेदीला गेलात आणि तेवीस? खालची शेवंती बावीसला घेऊन आली म्हणे दुसरं कुठलंतरी. तुमचं नाव राहायला नको? हळदीकुंकवाला दोन कमी करून सांगितलं." त्यांनी ताटातला एक खडा काढून बाजूला टाकला. "आणि शेवंतीने तरी बावीसला आणलं कशावरून!"

"अगं, पण तेवीसही नव्हतं."

"माका ठावक आसा," कमळताई म्हणाल्या. मनातलं बोलायची वेळ आली की त्या मालवणीवर येत. "साडेचोवीस. बिल तुम्ही तांदळाच्या डब्यात लपयल्यात. भात ह्या घरात कोण शिजयता? मीच मा?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? बत्तीस वर्षं तुम्ही कधी फसलात नाय म्हणून सांगतास. मी कित्याक मोडू?"

रामनाथांना लाज वाटली, निमेशची वाटली त्याहून जास्त बायकोची वाटली. सगळं जग आपलं नाव सांभाळण्यात गुंतलंय आणि त्याचा भुर्दंड एक दुकानदार भरतोय, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा दिसत होतं. हा भाव बाजारातला नव्हता. त्यांच्या घरचा होता, शब्दशः.

"ग्रुप किती वाजता निघणार आहे?"

"सहाला. खाली जमणार आहेत."

पाच पंचेचाळीस झाले होते. रामनाथांनी फाइल उघडली. निमेशच्या पत्राचे चार तुकडे करून खिशात टाकले. गंधालीचं बिल तिला परत द्यायला बाजूला ठेवलं. स्वतःचं बिल उचललं, "खाली फलकावर लावतो," म्हणाले आणि दाराशी थबकले.

"झेरॉक्स लावा हवी तर," कमळताई म्हणाल्या. "बँकेला खरं लागतं ना?"

"झेरॉक्सवर कोणी विश्वास ठेवत नाही. मीच ठेवला नव्हता कधी."

कमळताई उठल्या. देव्हाऱ्याच्या खणातून त्यांनी दोन टाचण्या आणून त्यांच्या हातात दिल्या.

तळमजल्यावर लिफ्टसमोर सोसायटीचा सूचना फलक आहे. पाणी कपात, थकलेल्या देखभालीची यादी, हरवलेलं मांजर. रामनाथांनी मांजराशेजारी जागा करून मूळ बिल लावलं. खाली लाल पेनाने लिहिलं, 'वॉशिंग मशीन. प्रत्यक्ष दिलेली रक्कम रु. २४,५००/- मात्र. याहून कमी भाव मला मिळालेला नाही. रा. पेडणेकर.' सवयीने तारीखही टाकली.

अकरा जण जमायला लागले होते. आधी कोणी वाचलं नाही, मग एकाने वाचलं, मग सगळे फलकापाशी गेले. त्यांना सोबत म्हणून आलेल्या गंधालीने बिलाकडे पाहिलं, रामनाथांकडे पाहिलं आणि तिचे कान लाल झाले. कोणीतरी "अरे बाप रे" म्हटलं. एकदोघांनी फोन काढून ग्रुपवर काहीतरी लिहिलं. आणि मग गर्दीतून सुबोध पुढे आला. त्याने आकडा दोनदा वाचला. एवढी मोठी बातमी त्याच्याआधी भिंतीने दिली, याचं दुःख त्याच्या तोंडावर दिसत होतं, पण ते त्याने लवकर आवरलं.

"साडेचोवीस? काका, म्हणजे तुम्ही फसलात की!"

हाच तो शब्द होता, जो टाळण्यासाठी रामनाथांनी भांडुपपासून घाटकोपरपर्यंत सात दुकानं पालथी घातली होती. त्यांनी घसा खाकरला.

"हो रे," ते म्हणाले. "फसलो."

आणि काही झालं नाही. टॉवर कोसळला नाही. लिफ्टसुद्धा बंद पडली नाही. रामनाथांना इतकं हलकं वाटलं की त्यांना थोडी खोडी सुचली.

"आणि काय रे सुबोध, तुझा तो नवा टीव्ही? तो कितीला पडला?"

"तो? तो ना, अठरा..." सुबोधने सवयीने तोंड उघडलं. मग त्याची नजर फलकावरच्या लाल अक्षरांवर गेली आणि तिथेच अडकली. अकरा माणसं त्याच्याकडे बघत होती. कमळताई जिन्याच्या पायरीवर येऊन उभ्या होत्या.

"सव्वीस," तो म्हणाला.